अण्णारावांच्या अडचणी

अण्णारावांना कुठं चला म्हटलं की अडचण हजर. म्हैस एकतर गाभण असायची नाहीतर व्यालेली असायची. तिसरी अवस्था त्यांच्या म्हशीला कधी आलीच नाही. सोयाबीन पेरायचं असायचं, पेरलेलं उगवायचं असायचं, उगवलेल्यावर फवारायचं असायचं. हे सगळं आटोपलंच तर अमावस्या यायची. अमावस्या गेली की अण्णारावांच्या कमरेत चमक भरायची, आणि कंबर मोकळी होईपर्यंत ज्या कार्याला जायचं ते पार पडून मांडवही उतरलेला असायचा. चाकूरपासून तीन किलोमीटरवरच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना इतकं पाठ होतं, की पत्रिका घेऊन आलेला माणूस पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच विचारायचा, "अण्णा, अवंदा काय अडचण हाय?"

अण्णाराव कसंनुसं हसायचे. त्रेसष्ट वय, साडेनऊ एकर काळी जमीन, विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी, खाऊनपिऊन सुखी घर. असा माणूस शिवार सोडून हलत नाही म्हटल्यावर लोक त्यातही मोठेपणाच बघायचे. मातीवर जीव हाय बापा, म्हणायचे. अण्णाराव मान खाली घालून ऐकायचे. लोकांना ती नम्रता वाटायची. ती लाज होती.

खरं कारण एवढंच होतं, की अण्णारावांना लघवी धरवत नव्हती. तासाभरात एकदा जावंच लागायचं, आणि लागली म्हणजे लागलीच, दोन मिनिटांचीही सवड नाही. गावात याचं काही अडत नव्हतं. शेत आपलं, बांध आपला, बाभळ आपली. पण एस.टी.त पाय ठेवला की जीव टांगणीला लागायचा. आठ वर्षांमागं ते उदगीरहून परत येत असताना नळेगावच्या अलीकडं रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर उलटला आणि बस अडकून पडली. बस उभीच होती. दारापर्यंत जाऊन "जरा उतरू द्या" एवढंच म्हणायचं होतं. पण मधे कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या, दाराशी गावचेच दोघेतिघे मानकरी गप्पा मारत होते, आणि अण्णारावांच्या तोंडून शब्द फुटला नाही. जे व्हायचं ते पांढऱ्याशुभ्र धोतरात झालं. पुढ्यात पिशवी धरून ते पुढच्या फाट्यावर उतरले आणि धोतर वाळेपर्यंत उन्हातान्हात शेताशेतानं चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतर सोडलं आणि काळी पँट शिवून घेतली. गाव म्हणालं, अण्णाराव या वयात फॅशन करून राहिले.

तेव्हापासून अण्णारावांचं जग त्यांच्या जुन्या मोटारसायकलीएवढं झालं होतं. मोटारसायकल कुठल्याही झाडाखाली थांबते आणि कुणाला कारण विचारत नाही. पण मागं बायको घेऊन शंभर किलोमीटर जायचं म्हणजे वाटेत दहादा का थांबलात याचं उत्तर तिला तरी द्यावं लागणार. ते उत्तर अण्णारावांना घरातही देता येत नव्हतं. साखराबाईंना नवरा रात्री चारचारदा उठतो एवढं माहीत होतं. बसमधलं माहीत नव्हतं.

साखराबाईंचं मागणं फार नव्हतं. बायांना एस.टी.त अर्धं तिकीट झाल्यापासून गावच्या बायांनी सगळा मुलूख पालथा घातला होता. कुणी माहूरला जाऊन आली, कुणी तुळजापूरला. एकजण तर नांदेडला जाऊन नुसत्या साड्या बघून, एकही न घेता परत आली आणि आठवडाभर तेच सांगत बसली. साखराबाई त्यांना चहा करून द्यायच्या आणि ऐकायच्या. त्यांना माहूर नको होतं, तुळजापूर नको होतं. त्यांना लेकीचं घर बघायचं होतं.

लेक म्हणजे पुनम. सहा वर्षांपूर्वी ती विष्णुपुरीला दिली होती. जावई भागवत तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. चाकूरहून बसनं तीन तास. पुनम पंचमीला यायची, दिवाळीला यायची, आणि जाताना दर वेळी म्हणायची, "माय, एकदा तरी ये गं." साखराबाई नवऱ्याकडं बघायच्या. नवरा म्हशीकडं बघायचा. एकटीनं जावं तर लेकीच्या सासरचे म्हणणार, बाप का आला नाही. आणि गावातले काय म्हणणार ते वेगळंच.

पहिल्या वर्षी अण्णाराव म्हणाले, लेकरू होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पीत नसतेत. आता हे खरंच तसं असतं, त्यामुळं साखराबाईंना काही बोलता येईना. मग पुनम बाळंतपणाला आली, नातू झाला, आणि अण्णारावांची ती अडचण कायमची बुडाली. घरात पेढे वाटणं चाललं होतं आणि अण्णाराव ओसरीवर बसून मनातल्या मनात दुसरी अडचण शोधत होते. पुढं कधीही हे आठवलं की त्यांना स्वतःची किळस यायची.

यंदाच्या वैशाखात भागवतनं विष्णुपुरीत घर बांधलं आणि घरभरणी काढली. घरभरणीला माहेरचा आहेर लागतो. जावयाला कपडे, लेकीला साडी, व्याह्याला टॉवेल-टोपी, विहिणीला साडी. तो घेऊन मायबाप पूजेला हजर नसले तर लेकीला सासरच्या गोतावळ्यात मान वर करता येत नाही. साखराबाईंनी महिनाभर आधी आहेर घेऊन ट्रंकेत ठेवला होता. रोज दुपारी ट्रंक उघडायच्या, साडीची घडी उगाच मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या. अण्णारावही मनातून ठरवत होते की या खेपेला जायचंच. आदल्या दिवसापासून पाणी प्यायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं होतं. पण दोन दिवसांवर कार्य आलं, आणि त्यांना नळेगावचा रस्ता दिसायला लागला.

घरात मोबाईल एकच, आणि तो अण्णारावांच्या खिशात. त्यांनी शेतातूनच पुनमला फोन लावला.

"तुझ्या मायला बरं न्हाई गं. ताप हाय लई. सलाईन लावलं सकाळी."

"मायला फोन दे की."

"आत्ताच डोळा लागलाय तिचा."

पलीकडं पुनम रडायला लागली. अण्णारावांनी फोन बंद केला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "भागवतच्या चुलत्याकडं मयत झाली म्हणं. घरभरणी फुडं ढकलली."

"अगं बाई. कोण गेलं?"

"हाय कुणीतरी म्हातारं."

साखराबाईंनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि न मेलेल्या माणसासाठी हात जोडले. अण्णारावांना तिथं उभं राहवेना. ते गोठ्यात गेले आणि बराच वेळ उगाच शेण ओढत बसले.

दोन बाजूंना दोन खोट्या गोष्टी सांगून अण्णारावांना वाटलं, निभावलं. पण एक गोष्ट ते विसरले. आपल्याकडं लग्नाच्या पत्रिकेला माणसं येतील न येतील, आजाऱ्याला भेटायला मात्र येतातच. त्यातून आजारी कोण, तर सुनेची आई. कार्य उरकल्यावर चौथ्या दिवशी अण्णाराव शेतात असताना भागवतचा फोन आला. "मामा, चाकूर सोडलं आम्ही. आई-दादा बी हायेत संगं."

अण्णारावांनी मोटारसायकल बांधावरून उडवत आणली. साखराबाई अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या. हात कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं माखलेले.

"ऊठ. आत जाऊन आडवी हो."

"का? काय झालंय मला?"

"ताप आलाय तुला. पाव्हणे येऊन राहिलेत. मागनं सांगतो."

अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं सांगितलं आणि त्यांनी केलं नाही असं फारसं झालं नव्हतं. साखराबाईंनी हात धुतले, आत जाऊन आडव्या झाल्या, आणि मे महिन्याच्या त्या उकाड्यात अण्णारावांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगावर गोधडी टाकली.

गाडी दारात थांबली. पुनम, तिच्या कडेवर पोरगं, भागवत, देगलूरहून कार्यासाठी आलेले व्याही नरसिंगराव आणि विहीणबाई. हातात केळी, बिस्किटाचे पुडे, पाच-सहा शहाळी. पुनमनं आईच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरमच होतं. एवढा वेळ उन्हात कुरडया घातल्यावर आणि वरून गोधडी पांघरल्यावर कुणाचंही झालं असतं. विहीणबाई उशाशी टेकल्या. आता साखराबाईंच्या मनात वेगळंच चाललं होतं. ज्यांच्या घरात मयत झाली ती माणसं आपल्याला भेटायला आलीत आणि आपण तोंडातून चार शब्दही काढत नाही, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी विहीणबाईंचा हात धरला.

"ईहीणबाई, कोण वारलं वो तुमच्याकडं? मला यायला जमलं न्हाई. लई वाईट वाटलं बघा."

विहीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. नरसिंगरावांनी भागवतकडं.

"आमच्याकडं? कुणी न्हाई की वारलं," विहीणबाई म्हणाल्या.

"मग घरभरणी..."

"झाली की माय," पुनम म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "चार दिस झाले. ताप डोक्यात गेला का गं तुझ्या?"

सगळ्यांच्या खांद्यांवरून साखराबाईंनी दारात उभ्या अण्णारावांकडं बघितलं. अण्णारावांनी नजर चुकवली, आणि त्यातच साखराबाईंना सगळं कळलं. घरभरणी झाली. आहेर ट्रंकेत पडलाय. आपण कुरडया घालत बसलो होतो. त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या तरी व्याह्यांसमोर अण्णारावांच्या अब्रूच्या चिंध्या झाल्या असत्या. साखराबाईंनी डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

"बरळून राहिल्यात," भागवत म्हणाला. "लातूरला न्यावं लागतंय. आत्ताच."

गाडी मोठी होती, जागा होती. तरीही अण्णाराव म्हणाले, "तुम्ही व्हा फुडं. मी मोटारसायकल घेऊन येतो मागनं." कुणाला काही कळेना. बायको शुद्धीवर नाही, आणि हा माणूस भर दुपारी फटफटीवर येतो म्हणतो. नरसिंगराव काहीतरी बोलणार होते, पण व्याही म्हणून गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं अण्णारावांना चांगलंच लागलं.

लातूरपर्यंत अण्णाराव तीनदा थांबले. तिसऱ्यांदा एका लिंबाखाली उभे असताना त्यांना वाटलं, इथूनच माघारी फिरावं. मग वाटलं, फिरून जाणार कुठं. रस्त्यानं जाणारे ट्रक हॉर्न वाजवत होते आणि अण्णाराव झाडाकडं तोंड करून रडत होते.

दवाखान्यात पोचले तेव्हा साखराबाईंच्या हातात सुई होती आणि वरून सलाईन चाललं होतं. धडधाकट बाई. सकाळी सहा किलो गव्हाचा चीक एकटीनं घोटलेली. ती आपल्यापायी हातात सुई टोचून घेऊन पडली होती. तरुण डॉक्टर भागवतला समजावत होते. बीपी बरोबर, साखर बरोबर, रक्त बरोबर, ताप नाही. पण जे घडलंच नाही ते खरं म्हणून सांगतात, म्हणजे मेंदूचा फोटो काढलेला बरा. सगळ्यांनी माना हलवल्या.

सिस्टर आली आणि म्हणाली, "मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. फुलं, बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, सगळं काढा."

साखराबाईंनी कानातली फुलं काढली. बांगड्या काढल्या. मग हात गळ्याशी थांबला. अडतीस वर्षांत ते गळ्यातून निघालं नव्हतं. एकदा तुटलं होतं तेव्हाही ओवून येईस्तोवर त्यांनी हळदीचा दोरा बांधला होता. सिस्टर घाईत होती. "आजी, लवकर करा," म्हणाली. साखराबाईंनी मंगळसूत्र काढलं, मोकळ्या गळ्यावर पदर ओढून घेतला, आणि पुनमनं पुढं केलेल्या हातात न देता सिस्टरला म्हणाल्या, "त्यांच्याजवळ दे."

सिस्टरनं ते रुमालात गुंडाळून अण्णारावांच्या हातात ठेवलं.

त्या पुरचुंडीकडं बघताना अण्णारावांना भडभडून आलं. आपण जिवंत असताना, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच खोटेपणापायी हिचा गळा मोकळा झाला. आणि ही अजून गप्पच. चाकाची खुर्ची दारातून बाहेर निघाली तेव्हा ते आडवे आले.

"थांबवा," अण्णाराव म्हणाले. "तिला कायबी झालेलं न्हाई. दुखणं माझं हाय."

 विहीणबाई समोरच उभ्या होत्या. विहिणीसमोर डोकं उघडं ठेवायला लाजणारा हा माणूस, पण आता मागं फिरायला जागा नव्हती.

"मला लघवी धरत न्हाई. बसमधी एकदा... झालं माझ्याच्यानं. तवापासून भ्या वाटतं. म्हणून तुम्हाला म्हणलं ही आजारी हाय, आन् हिला म्हणलं तुमच्याकडं मयत झाली. हिचं डोस्कं ठिकाणावर हाय. मीच खोटं बोललो."

सिस्टर खुर्ची धरून तशीच उभी राहिली. विहीणबाई पदर सावरत खिडकीकडं वळल्या. नरसिंगराव बाकावर बसले आणि हळूच म्हणाले, "आमच्या घरातलं जितं माणूस मारलंत व्हय व्याही, एवढ्याशासाठी."

 पण पुनम जे बोलली त्यानं अण्णाराव पार खचले. ती ओरडली नाही. "बाबा, पूजेला बसले तवा जी ती बाई इचारून राहिली, माहेरचं कोण आलं. मी दीडशे माणसाला सांगितलं माय आजारी हाय. कुणाचा इश्वास बसला न्हाई तरी सांगत राहिले. आहेराच्या वक्ताला सासूबाईंनी आपलीच साडी माझ्या अंगावर टाकली, मी उघडी दिसू नये म्हणून." एवढं बोलून तिनं पोराला उचललं आणि जिना उतरून गेली. भागवत मागोमाग गेला. त्यानं जाताना साखराबाईंच्या पाया पडून घेतलं. अण्णारावांच्या नाही.

त्या तरुण डॉक्टरनंच मग अण्णारावांना लघवीच्या दुखण्याच्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गोळ्या दिल्या, वयोमानानं होतं म्हणाले, माझ्याकडं दिवसाला वीस जण येतात म्हणाले. मग चष्म्यातून बघत त्यांनी विचारलं, "आठ वर्षं काय करत होता?" अण्णाराव म्हणाले, "म्हैस होती." डॉक्टर हसले. अण्णारावांना हसू आलं नाही.

पंचमीला पुनम आली नाही. दिवाळीलाही आली नाही. फोन यायचा तो साखराबाईंना, आणि आता मोबाईल त्यांच्या कमरेच्या पिशवीत असायचा. मी घेते तो माझ्याकडं, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. भाकरी वेळेवर, चहा वेळेवर. पण कामाशिवाय बोलणं नाही. अण्णाराव वाट बघायचे की ही एकदा तोंड सोडून शिव्या देईल. ती तो दिवसच येऊ देईना. गावाला सगळं कळलं होतंच. डोक्याच्या फोटोची गोष्ट पारावर तिखटमीठ लावून सांगितली जायची. आता कुणी अण्णारावांना अडचण विचारत नव्हतं. ते जवळ आले की विषय बदलायचा.

गोळ्यांनी फरक पडला. एक तासाचे दोन झाले. तीन झाले नाहीत, आणि बस तीन तासांची होती.

दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी अण्णाराव जेवता जेवता म्हणाले, "उद्या जाऊ विष्णुपुरीला."

साखराबाईंचा हात थांबला. "आन् म्हैस?"

"चांदपाशाला सांगितलंय." चांदपाशा म्हणजे फाट्यावरचा पंक्चरवाला, अण्णारावांचा जुना दोस्त. तो म्हणाला होता, अण्णा, तुमच्या म्हशीनं बदनामी लई सोसली, आता तिला जरा सुखानं राहू द्या.

"पुनमला इचारावं लागंल," साखराबाई म्हणाल्या.

"इचारलं तर नको म्हणंल. न इचारताच जाऊ."

सकाळी ट्रंकेतला आहेर पिशवीत भरून दोघं चाकूरच्या स्टँडवर आले. साखराबाईंना खिडकी मिळाली. अहमदपूर येईपर्यंत अण्णाराव ठीक होते. स्टँडवर उतरून जाऊन आले. पुढं रस्त्याचं काम चालू होतं, गाडी खडीवरून रांगत होती, आणि लोह्याच्या बऱ्याच अलीकडं अण्णारावांना ती जुनी, ओळखीची कळ आली. त्यांनी समोरचा दांडा धरला. कपाळाला घाम फुटला. गाडी भरलेली, मधल्या वाटेत माणसं उभी, बाया, कॉलेजची पोरं, पुढं दोन मास्तरणी. सगळं तसंच होतं. दहा मिनिटं त्यांनी काढली. शेजारी साखराबाई पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या, आणि अण्णारावांना दिसलं की त्या बाहेर बघत नाहीयेत, त्यांच्याकडं बघताहेत. आता हा काय करतो, एवढंच त्या बघत होत्या.

अण्णाराव उठले. माणसांतून वाट काढत कंडक्टरपाशी गेले. पहिल्यांदा नुसतीच खरखर निघाली. मग ते बोलले, आणि घाबरल्यामुळं इतक्या मोठ्यानं बोलले की सगळ्या गाडीनं ऐकलं. "मास्तर, गाडी थांबवा. मला लघवीला जायचंय. धरवत न्हाई मला."

कंडक्टरनं तोंड वर न करता घंटी ओढली. "चला, आणखी कुणाला जायचं असंल तर उरकून घ्या."

अण्णाराव उतरले. मागनं एकजण उतरला, मग दुसरा, मग एका मास्तरणीचा बाप, मग कॉलेजची चार पोरं, शेवटी ड्रायव्हरही. नऊ पुरुष रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे राहिले. एकजण म्हणाला, "बरं झालं बापू बोललात, मी अहमदपूरपासनं धरून बसलो व्हतो." पलीकडच्या उंच तुरीच्या आड चार-पाच बाया गेल्या, त्यांत एक मास्तरीण होती. आणि साखराबाईही.

सगळे परत चढले, दोनदा घंटी झाली, गाडी निघाली. कुणी हसलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. एवढंच होतं. घंटीची एक दोरी ओढायला अण्णारावांना आठ वर्षं लागली होती, आणि त्या आठ वर्षांत लेकीची घरभरणी गेली, दोन सण गेले, शेजारी बसलेल्या बाईचा किती जीव तुटला असेल त्याला मोजमाप नव्हतं. बसमधल्या त्या जुन्या लाजेपेक्षा ही लाज कितीतरी मोठी होती, आणि हिच्यावर कुठल्या डॉक्टरची गोळी नव्हती.

"मला बी लागली व्हती," साखराबाई म्हणाल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्या आपण होऊन बोलत होत्या. थोड्या वेळानं, बाहेर बघत, त्या पुन्हा म्हणाल्या, "मला वाटायचं, माझीच लाज वाटती तुम्हाला. चार माणसांत मला बोलता येत न्हाई, सही येत न्हाई. म्हणून नेत न्हाईत."

अण्णारावांनी त्यांच्याकडं बघितलं.  तिनं आठ वर्षं हे मनात ठेवून भाकऱ्या थापल्या होत्या. लोहा आलं, गेलं. 

विष्णुपुरीला गाडी थांबली तेव्हा दुपार झाली होती. दोघं उतरले. बस धूळ उडवत नांदेडकडं गेली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की घर कुठल्या अंगाला ते दोघांनाही माहीत नाही. डावीकडं वस्ती होती, उजवीकडं वस्ती होती. पुनमला फोन करायची हिंमत होईना. समोर एक चहाची टपरी होती. अण्णाराव पिशवी घेऊन तिथं गेले.

"भागवत मास्तरांचं घर कुठं हो? कॉलेजातल्या वर्कशॉपचे."

"नवं घर ना? सरळ जावा, दुसऱ्या बोळीत शेवटचं, हिरव्या गेटचं," टपरीवाला म्हणाला. "घरभरणीला मी बी जेवलो तिथं. लई चांगलं केलं व्हतं." मग त्यानं दोघांकडं, पिशवीकडं निरखून बघितलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

"मास्तरीणबाईचे मायबाप."

"हां हां," त्याचा चेहरा एकदम कळवळला. तो साखराबाईंकडं वळला. "बरं वाटलं का आता, मावशी? लई आजारी व्हता म्हणं तुम्ही. बाई सगळ्याला सांगून राहिल्या व्हत्या त्या दिवशी, माय अंथरुणाला खिळली म्हणून."

साखराबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि मान हलवायला सुरुवात केली. त्या हो म्हणणार होत्या. अण्णारावांनी त्यांच्या दंडाला हात लावला.

"ती आजारी नव्हती," ते टपरीवाल्याला म्हणाले. "लेकीनं खरं समजून सांगितलं, पण ते खरं नव्हतं. ही महिनाभर आधीपासनं आहेर घेऊन तयार बसली व्हती. मीच आणलं न्हाई हिला."

टपरीवाला कपात साखर टाकता टाकता थांबला.  साखराबाईंनी अण्णारावांच्या हातातली आहेराची पिशवी घेतली आणि त्या दुसऱ्या बोळीच्या दिशेनं पुढं चालायला लागल्या. अण्णाराव दोन पावलं मागं राहून त्यांच्यामागं निघाले.